माळाला आडोसा नसतो

आमच्याकडे, म्हणजे नांदेड-लातूरकडे, दुपारी कुणाच्या दारात जाऊन ‘आहेत का हो घरी?’ असं विचारलं, तर आतून उत्तर येतं, ‘रानात गेलेत.’ याचा अर्थ माणूस जंगलात गेला असा नाही. तो शेतात गेला. तूर, हरभरा, सोयाबीन, सगळं रानातच असतं. त्याच रानात हरणं असतात, रोही असतात, रानडुकरं असतात, एखाद्या बांधाच्या बिळात खोकड असतं. शेताला एक शब्द आणि जनावरांच्या मुलखाला दुसरा, अशी वाटणी आमच्या बोलीनं केलीच नाही.

मराठी निसर्गलेखनातलं रान वेगळं आहे. तिथं जावं लागतं. सुट्टी काढून, परवानगी घेऊन, फाटकातून आत. मेळघाट, नवेगाव, नागझिरा, ताडोबा. ट्रेकिंगवरचं लेखन घेतलं तर सह्याद्री. मी वीसेक वर्षं मराठी शिकवतोय आणि या सगळ्या पुस्तकांवर माझा जीव आहे. पण किनवट-माहूरकडचा पट्टा सोडला तर नांदेड जिल्ह्यात म्हणावं असं सलग जंगल नाही, आणि लातूर जिल्ह्यातलं जंगल तर क्षेत्रफळाच्या एक टक्काही भरत नाही. मग ही पुस्तकं वाचून आम्ही जे चालायला शिकलो, ते नेमकं कुठल्या जमिनीवरचं चालणं होतं? हा प्रश्न मला पडायला एक लाजिरवाणा प्रसंग घडावा लागला. तो पुढे येईलच. आधी पुस्तकाविषयी.

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ मी पहिल्यांदा नांदेडला वसतिगृहात वाचलं. या पुस्तकाची थोरवी त्यात किती जनावरं दिसली यात नाही. माडगूळकर आधी बंदूक घेऊन हिंडलेले गृहस्थ. शिकारीच्या कथा त्यांनी स्वतःच लिहिल्या आहेत आणि त्या झाकून ठेवल्या नाहीत. ‘नागझिरा’त हातात बंदूक नाही, वही-पेन्सिल आहे. नुसतं हत्यार बदललं असतं तर त्यात फारसं काही नव्हतं. आज बंदुकीच्या जागी हातभर लांबीची लेन्स आली तरी शिकाऱ्याची हाव तीच असलेली माणसं आपण पाहतोच. माडगूळकरांचं वाक्यच बदललं. शिकारकथेचं वाक्य जनावराच्या मागे धावतं, त्याला शेवटी काहीतरी पडावं लागतं. ‘नागझिरा’तलं वाक्य बसून राहतं. पाण्याकाठी, झाडाला टेकून. समोर काही घडलं तर ते लिहितं, नाही घडलं तर सावली कुठून कुठं सरकली ते लिहितं. जंगलात माणसानं लहान होऊन कसं राहावं याचा इतका चांगला वस्तुपाठ मराठीत दुसरा नाही, असं मी वर्गात अनेक वर्षं सांगत आलो. अजूनही यातला एकही शब्द मागे घेणार नाही. फक्त ‘जंगलात’ या शब्दाखाली आता एक रेघ ओढतो.

याच्या शेजारी गो. नी. दांडेकरांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ ठेवून पाहा. त्या पुस्तकानं महाराष्ट्राला चालायला लावलं, हे ऋण मोठं आहे. पण तिथं नायक गड आहे. वाट गडाकडे जाते, चढ गडासाठी असतो. वाटेतलं पाखरू, साप, वानर हे प्रवासवर्णनाला शोभा देतात आणि बाजूला होतात. गोनीदांच्या पायांत भक्ती होती, म्हणून त्यांच्या चालण्यात मुजोरी नव्हती. पुढे भक्ती आटली आणि ‘सर करणं’ तेवढं उरलं. आज आमच्या कंधारच्या किंवा उदगीरच्या किल्ल्यात रविवारी जी टोळकी स्पीकर घेऊन शिरतात, त्यांनी गोनीदा वाचले नसतील. पण गडावर गेलं की गड आपला, तिथलं बाकी कुणी नाही, ही समजूत त्यांच्यापर्यंत कुठून तरी झिरपलेली आहे. बुरुजाच्या कमानीखाली आग्या मोहोळ लटकलेलं असतं आणि खाली हे गाणी लावतात, चुली पेटवतात. धूर आणि गोंगाट यांनी मोहोळ उठतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता तो प्रसंग.

माझं गाव चाकूर तालुक्यात. तिथून जवळच वडवळ नागनाथचं बेट आहे. भोवती पाणी नाही, तरी आमच्याकडे अशा एकट्या उठलेल्या टेकाडाला बेटच म्हणतात. उदगीरजवळ देवर्जनचं हत्तीबेट आहे, तेही तसंच. वडवळचं बेट औषधी वनस्पतींसाठी नाव मिळवून आहे आणि पावसाळ्यानंतर अभ्यासक, विद्यार्थी, वैदू सगळे तिकडे येतात. पण मी गेलो होतो मे महिन्यात, आणि बेटावर नाही, गावाच्या बाजूच्या उघड्या माळावर. टिटवीचं घरटं शोधायला.

घरटं सापडलं. घरटं म्हणजे काय, मुरमात बोटभर खोल खळगा, कडेनं खडे आणि शेळीच्या वाळलेल्या लेंड्या. आत चार अंडी, टोकं आतल्या बाजूला जुळवून ठेवलेली, रंग हुबेहूब मातीचा. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालत होती. मला वाटलं, मला जंगलात वागायची रीत माहीत आहे. पळायचं नाही, हात हलवायचे नाहीत, बसायचं. आपण दगड झालो की जनावर आपल्याला विसरतं. मी पंधरा-वीस पावलं मागे सरलो, टोपी ओढून घेतली, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि बसलो. सकाळचे अकरा वाजले होते. त्या आठवड्यात पारा बेचाळीसच्या वर होता.

बारा वाजले. साडेबारा झाले. टिटवी येईना. ती लांब एका दगडावर उतरायची, चार पावलं चालायची, पुन्हा उडायची. मी आणखी स्थिर झालो. स्वतःच्या धीराचं मला कौतुकही वाटत होतं, हे कबूल करतो.

तेवढ्यात मेंढरं घेऊन गावातले एक म्हातारे मामा पांदणीनं आले. लांबूनच म्हणाले, ‘काय करायलाव, सर?’

मी हातानंच गप्प राहायची खूण केली. ते गप्प राहिले नाहीत.

‘उठा बरं तिथून. तुम्ही बसलाव म्हणून ती येईना. अंडी भाजायलीत तिची.’

टिटवी उन्हाळ्यात अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि ओल्या पोटानं अंडी गार ठेवते. हे मी नंतर वाचलं. मामांना ते वाचायची गरज नव्हती. मी उठलो, मुकाट्यानं त्यांच्या मागं पांदणीला लागलो. दोन दिवसांनी मामांबरोबर त्याच पांदणीनं गेलो तेव्हा त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, ‘सोडली तिनं.’ अंडी तिथंच होती.

यात माडगूळकरांचा दोष काढायचा का? नाही. दोष माझ्या वाचनाचा होता. पण टीकाकाराचं काम नेमकं इथंच सुरू होतं, कारण असं वाचणारा मी एकटा नाही. ‘नागझिरा’तलं बसणं आडोशाचं बसणं आहे. झाड आहे, झुडूप आहे, सावलीचे तुकडे आहेत. त्यांत माणूस विरघळतो. माळाला आडोसा नसतो. तिथं बसलेला माणूस विरघळत नाही, तो उठून दिसतो. पाखराच्या लेखी तो दबा धरून बसलेला लांडगा असतो. उलट, चालता माणूस माळाच्या ओळखीचा आहे. मेंढरांमागं जाणारा, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेतलेली, बैलगाडी हाकणारा. रोजच्या वाटेनं, रोजच्या चालीनं जाणाऱ्या माणसाला हरणांचा कळप मान वर करून पाहतो आणि पुन्हा चरू लागतो. तोच माणूस वाट सोडून थांबला, वाकला, कळपाकडे टक लावून पाहू लागला, की कळप उधळतो. म्हणजे जंगलात जे सौजन्य, तीच माळावर आगळीक. पुस्तकानं मला बरोबरच शिकवलं होतं. मी ते चुकीच्या जमिनीवर वापरलं.

आता मी ते घरटं शोधायला गेलोच का होतो? त्याचं उत्तर दुसऱ्या लेखकाकडे जातं. टिटवीनं खोलगट जागी अंडी घातली की पाऊस ओढ देणार, उंचवट्यावर घातली की चांगला होणार, असा आमच्याकडे समज आहे. मारुती चितमपल्लींनी अशा लोकसमजुती आस्थेनं गोळा केल्या, आणि दर मे महिन्यात कावळ्याच्या आणि टिटवीच्या घरट्यांवरून पावसाचा अंदाज सांगणाऱ्या बातम्या त्यांच्या नावानिशी छापून येत राहिल्या. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. गेल्यावर जे लेख आले त्यांत ‘अरण्यऋषी’ या शब्दापलीकडे फार कमी जण गेले. हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

चितमपल्लींनी मराठीला शब्द दिले. कावळ्यांच्या वस्तीला काकागार, बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला रातनिवारा. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत नाव आहे, तिच्यावरून सहजासहजी जीप नेता येत नाही, असा माझा भाबडा विश्वास आहे. दुसरं म्हणजे, आपण हे कुणाकडून शिकलो ते त्यांनी लपवलं नाही. नवेगावबांधचे माधवराव पाटील असोत की रानात राहणारी इतर माणसं, गुरू म्हणून त्यांची नावं पुस्तकात येतात. आपल्याकडच्या विद्वानांत ही सवय दुर्मीळ.

पण त्यांच्या लेखनात ऐकीव आणि पाहिलेलं यांच्यातली सीमारेषा पुसट आहे, आणि ती पुसट राहिल्याची किंमत आम्हा वाचकांनी नव्हे, पाखरांनी मोजली. टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस कळतो की नाही, हा वाद मी बाजूला ठेवतो. मामांसारखा माणूस तो ठोकताळा बांधतो तेव्हा तो अंडी शोधायला जात नाही. मेंढरांमागं जाता जाता ती त्याला दिसतात, तो लक्षात ठेवतो, पुढे जातो. ज्ञान आणि चालण्याची रीत तिथं एकत्र असतात. पुस्तकात आणि बातमीत ज्ञान तेवढं आलं, रीत मागेच राहिली. मग माझ्यासारखे लोक खाली मान घालून माळभर अंडी शोधत हिंडू लागले.

तसं पाहिलं तर पाखरांच्या अभ्यासाची सुरुवातच आपल्याकडे बंदुकीनं झाली. सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पीतकंठी चिमणी पाडली आणि तिथून त्यांचं आयुष्य वळलं, हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. पुढे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आमचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळी नोंद म्हणजे नमुना, आणि नमुना म्हणजे मेलेलं पाखरू. तो काळाचा भाग होता, त्याला आज नावं ठेवण्यात अर्थ नाही. आज मात्र नोंद मोबाइलवर होते आणि जागेचा नेमका ठिकाणा आपोआप चिकटून जातो. लांडग्याच्या विणीच्या बिळाचा फोटो टाकणारा तरुण शिकारी नसतो, प्रेमीच असतो. पण तो ठिकाणा मग ज्याची चार शेरडं लांडग्यानं नेली त्यालाही दिसतो. त्याला दोष देणं सोपं आहे, कारण तो या मासिकाचा वाचक नाही.

हल्ली नांदेडहून माहूर-किनवटकडे, सहस्रकुंडच्या धबधब्याकडे पावसाळी सहली निघतात. लातूरहून खरोसा, हत्तीबेट. त्यांत जबाबदार मंडळी पुष्कळ आहेत, हे आवर्जून सांगायला हवं. त्यांच्या सूचनांचा कागद मी वाचला आहे. कचरा परत आणा, ठीक. जोरात बोलू नका, उत्तम. ‘पायवाट सोडू नका’ यावर मात्र मी अडलो. कुठली पायवाट? हे वाक्य अशा देशातून आलं आहे जिथं वाट आखलेली असते, तिच्यावर खुणेचे दगड असतात आणि वाट सोडली की रान सुरू होतं. आमच्याकडे पांदण आहे, गाडवाट आहे, ढोरवाट आहे, बांधावरची एका पावलाची वाट आहे, शिवरस्ता आहे आणि त्यावरून कोर्टात चाललेलं भांडण आहे. यांतली कुठली धरायची हे गावात विचारावं लागतं. पेरलेल्या रानातून जायचं नाही हे लेकरालाही कळतं. पण ऐन उन्हाळ्यात नांगरून पडलेलं रान पाखराच्या लेखी रिकामं नसतं, हे कागदावर येत नाही.

त्याच कागदावर सर्वांत वर होतं: सीड बॉल टाकणे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यानं आम्हा सगळ्यांच्या मनात झाडाविषयी एक अपराधी भाव बसला, आणि तो खोटा नाही. पण त्यातून असं झालं की उघडा माळ दिसला की हात शिवशिवतात. माळ म्हणजे मेलेलं जंगल, असं आम्ही धरून चाललो. सरकारी कागदात त्याचं नाव ‘पडीक’ आहेच. गवत हीच त्या जमिनीची पुरी वाढ आहे, चंडोल, धाविक, खोकड, लांडगा, काळवीट यांना झाड नको, मोकळी नजर हवी, हे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करून १९७९ सालीच आपण मान्य केलं होतं. माळढोक गेला आणि आपण तेही विसरलो. चालायला आलेली शंभर पोरं माळभर पांगून बिया फेकतात, तेव्हा शंभर जोडी पाय वाट सोडून खळग्या-खळग्यांतून जात असतात. हेतू इतका चांगला की कुणाला बोलता येत नाही.

माहूरला वानरांना केळी-फुटाणे देणाऱ्यांनाही बोलता येत नाही, कारण ते पुण्य करत असतात. त्यांना माझ्या हातांनी एकच पुस्तक द्यायचं झालं तर मी ‘सत्तांतर’ देईन. १९८३ साली त्याला साहित्य अकादमी मिळाली, पण ते अजून दंतकथेसारखं वाचलं जातं. वानरांच्या टोळीचं राजकारण, मारामाऱ्या, पिलांचे मृत्यू. माणसाच्या दयेला त्यात कुठंही जागा नाही. केळं पुढं करणारा हात किती अप्रस्तुत आहे ते त्या पुस्तकात कळतं.

आणि माळावर चालणाऱ्यांना? इथं मी बराच घोटाळलो. शेवटी माझं मत असं झालं की ते पुस्तकही माडगूळकरांचंच आहे, पण ‘नागझिरा’ नव्हे. ‘बनगरवाडी’.

१९५५ची ही कादंबरी वन्यजीवांवर नाही. माणदेशातली धनगरवाडी, आणि तिथं नेमणूक झालेला पोरगेलासा मास्तर. तो पहाटे चालत वाडीकडे निघतो तिथून पुस्तक सुरू होतं. शाळा आहे, पण पोरं नाहीत. मास्तर सरकारचा माणूस आहे, म्हणून वाडी त्याच्यापुढं वाकत नाही. तिला घाईही नाही. कारभाऱ्याचं मन वळल्याशिवाय काही हलत नाही. मग हळूहळू त्याला उमगतं की मेंढरं कधी बाहेर पडतात, माणसं कधी बोलती होतात, कुणाच्या दारात कधी जायचं नाही. एकदा त्याचं पाऊल चुकतं, गैरसमज होतो, आणि कारभारी तुटतो. दुसऱ्याच्या मुलखात परका माणूस कसा शिरतो, तिथल्या चालीला आपली चाल कशी जुळवतो आणि चुकला तर काय गमावतो, याचं हे पुस्तक आहे. तो कधी दगड होऊन बसत नाही. तो रोजचा होतो. माळाला हेच लागतं. ‘नागझिरा’तला माणूस अदृश्य व्हायला बघतो; ‘बनगरवाडी’तला ओळखीचा व्हायला. पहिलं चार दिवसांत जमतं, दुसऱ्याला हंगाम जावे लागतात.

या मापानं पाहिलं तर मराठवाड्याच्या माळावर चालण्याचं पुस्तक अजून लिहिलं गेलेलं नाही. दुष्काळावर आम्ही लिहिलं, शेतकऱ्याच्या मरणावर लिहिलं, ते लिहायलाच हवं होतं. पण त्या लेखनात रोही येते ती हरभरा खाऊन जाणारी म्हणूनच, आणि निसर्गलेखनात ती येते तेव्हा तिनं कुणाचा हरभरा खाल्ला याचा पत्ता नसतो. एकाच रानाची दोन अर्धी पुस्तकं. रात्रभर माचाणावर बसून रान राखणाऱ्या माणसाला सकाळी येऊन ‘वन्यजीवांचा आदर करा’ म्हणणं मला जमत नाही. त्याच्याइतक्या रात्री जनावरांबरोबर आपल्यापैकी कुणी काढल्या आहेत?

पीटर मॅथिसन १९७३ साली नेपाळच्या डोल्पो भागात जॉर्ज शॅलरबरोबर आठवडेच्या आठवडे चालला. हिमबिबट्या त्याला दिसला नाही, आणि १९७८ साली त्यानं त्याच न दिसलेल्या जनावराच्या नावानं पुस्तक काढलं. आपल्याकडे फाटकातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक जीपला पहिला प्रश्न असतो, ‘दिसला का?’

आमच्याकडे तर न दिसण्याचा याहून मोठा दाखला आहे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून गळ्यात पट्टा असलेला एक तरुण वाघ निघाला आणि पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा पडून राहायचा, रात्री चालायचा. २०२४च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिवच्या येडशी अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. नकाशा उघडून टिपेश्वर आणि येडशी यांच्यामध्ये काय पडतं ते पाहा. आमचंच रान पडतं. तुरीची रानं, उसाचे फड, पांदणी, ओढे.

मामा आता नाहीत. त्यांच्या मुलानं मेंढरं विकून टाकली. मी यंदा मे महिन्यात मुलीला घेऊन त्याच पांदणीनं पहाटे गेलो. टिटवी उठली, डोक्यावरून ओरडत फिरली. मुलीनं विचारलं, ‘थांबायचं का?’ मी म्हटलं, चालत राहा, याच चालीनं. माळावर रांगेनं खड्डे घेतलेले होते, झाडं लावायची आहेत म्हणे. आम्ही पुढं निघून गेल्यावर टिटवी उतरली ती एका खड्ड्यातून काढलेल्या मुरमाच्या ढिगावर, आणि खाली बसली. इतक्या उंचावर अंडी म्हणजे यंदा पाऊस दांडगा, असं मामा नक्की म्हणाले असते.